‘स्मृतिचित्रां’तील संसार आणि श्रद्धा

काही ग्रंथांना त्यांची लोकप्रियताच नडते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा अशांपैकी एक ग्रंथ होय. १९३४ सालापासून तो चार भागांत प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून आजतागायत त्याची स्तुती करण्यात मराठी टीकाकारांनी कधी कसूर केलेली नाही. भाषा घरगुती, विनोद निर्विष आणि निवेदन प्रांजळ, ही तीन विशेषणे या ग्रंथाच्या नावाला जणू कायमची चिकटली आहेत. ती खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु या स्तुतीच्या पोटात एक मौनही दडलेले आहे. ज्या श्रद्धेने हा संसार एकदा मोडला आणि पुढे पुन्हा उभा केला, तिच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. उतारा निवडावयाचा तर गमतीचा निवडतो, आठवण सांगावयाची तर रेव्हरंड टिळकांच्या विक्षिप्त उदारपणाची सांगतो; आणि ख्रिस्ती धर्माचा भाग आला की, पाहुण्याच्या घरी देवघराचे दार दिसावे आणि आपण नजर दुसरीकडे वळवावी, तसे पान उलटतो. हा सभ्यपणा असेल. पण ती टीका नव्हे.

हा विचार माझ्या मनात आला तो ग्रंथालयात नव्हे. मे महिन्याच्या सुट्टीत जामसंड्यास आमच्या जुन्या घरी गेलो असता, संध्याकाळी पडवीत बसून मी ‘स्मृतिचित्रे’ आत्याला वाचून दाखवीत असे. तिची दृष्टी आता मंद झाली आहे. ऐकण्याची हौस मात्र तशीच आहे. माजघरात आंब्यांची आढी घातलेली, तिचा वास पडवीपर्यंत येत होता. विनोदाच्या जागी आत्या मोकळेपणी हसे. पण लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण आले तेव्हा ती हसली नाही. १८५७ च्या धामधुमीत आपल्या सासऱ्यांना फाशी गेलेले पाहावे लागले, तेव्हापासून त्या गृहस्थांच्या मनाने विटाळाची अशी धास्ती घेतली की, घरात येईल तो जिन्नस धुऊन घेतल्यावाचून त्यांना चैन पडेना. मी वाचावयाचे थांबलो तेव्हा आत्या म्हणाली, “आपल्या पडवीच्या कोनाड्यातला पेला आठवतो का रे तुला?”

मला आठवत होता. माझ्या लहानपणी मालवणकडचे एक ख्रिस्ती मास्तर आमच्या वडिलांकडे येत असत. वडिलांचा त्यांच्यावर फार लोभ होता. तासन् तास गप्पा चालत. मात्र त्यांचा चहा त्या कोनाड्यातल्या पेल्यातून येई, आणि तो पेला पुन्हा आत जात नसे. या गोष्टीचा कोणी उच्चार करीत नसे, मास्तरही नाही. आमच्या घरी देवधर्म होता, वाचन होते, माणुसकीही होती. पण या सर्वांत अग्रक्रम कशाला आहे, हे तो पेला सांगत होता. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ अशा पेल्यांविषयी आहे, हे मला त्या संध्याकाळी प्रथम नीट कळले.

धर्मांतराची आत्मवृत्ते जगाच्या वाङ्मयात पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेक एकट्या पुरुषाची आहेत. संत ऑगस्टीनचे प्रख्यात आत्मनिवेदन घ्या. ईश्वराशी त्याचा झालेला संवाद अतिशय गहन आहे. पण जी स्त्री वर्षानुवर्षे त्याच्यासोबत राहिली, जी त्याच्या मुलाची आई होती, तिची आफ्रिकेस परत रवानगी होते आणि तिचे नावसुद्धा त्या ग्रंथात येत नाही. जॉन बन्यनच्या ‘यात्रिकाच्या प्रवासा’त, ज्याचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर १८४१ सालीच मराठीत आले होते, नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून धावत सुटतो. बायको व मुले यांची यात्रा बन्यनने मागाहून, १६८४ च्या दुसऱ्या भागात लिहिली. पण लिहिली ती त्यानेच. मराठीत बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हेही मुख्यतः एका पुरुषाच्या मनातील शंका आणि निश्चय यांचा इतिहास आहे. ‘स्मृतिचित्रां’चे अपूर्वत्व येथे आहे. येथे लेखणी मागे राहिलेल्या बायकोच्या हाती आली. धावत सुटलेल्या यात्रिकाची पाठ कशी दिसली आणि दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या संसाराचे काय झाले, हे तिने सांगितले.

घटना सर्वपरिचित आहेत. तरी त्यांचा क्रम ध्यानी घेतला पाहिजे. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, आमच्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी जन्मल्या आणि लहान वयातच त्यांचे लग्न झाले. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोस विचारून नव्हे. तिच्यापाशी आली ती केवळ बातमी. पदरी चार वर्षांचा मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवताली कीव करणारी व टोमणे मारणारी माणसे, अशा स्थितीत त्यांनी पुढली सुमारे चार वर्षे काढली.

आता या ठिकाणी टीकाकाराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या श्रद्धेचे सार प्रीती आहे, ती अंगीकारताना सर्वांत जवळच्या माणसाला इतके दुःख देण्याचा अधिकार टिळकांस कोणी दिला? लक्ष्मीबाई हा प्रश्न शब्दांत मांडीत नाहीत. त्या केवळ घडले ते सांगतात. पण त्या सांगण्यात टिळकांचा कैवारही नाही आणि त्यांच्यावर फिर्यादही नाही; निवाडा त्यांनी वाचकावर सोपविला आहे. माझ्या मते टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांची श्रद्धा सिद्ध होत नाही. ती सिद्ध होते त्यानंतरच्या वर्षांत. १८६६ च्या कायद्यान्वये, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती मनुष्यास विवाह रद्द करून घेऊन दुसरा करण्याची वाट मोकळी होती. टिळक त्या वाटेस गेले नाहीत. ते पत्रे पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले. आणि लक्ष्मीबाई नगरास त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी बायकोच्या सोवळ्यास धक्का लावला नाही. स्वतः जातपात सोडून दिलेल्या या माणसाने तिच्या वेगळ्या चुलीची आणि वेगळ्या पाण्याची सोय सांभाळली. सभेत धर्मावर व्याख्यान देणे सोपे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबून राहणे कठीण. उतावळ्या स्वभावाच्या टिळकांना ते साधले, याला मी त्यांच्या काव्याहूनही मोठे मानतो.

लक्ष्मीबाईंचे मतांतरही याच उंबरठ्यावर झाले. त्रैक्य, प्रायश्चित्त, तारण इत्यादी सिद्धान्तांची चर्चा या ग्रंथात शोधू गेल्यास निराशा होईल. त्यांच्या मनात प्रश्न उठला तो साधाच. पशुपक्ष्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत हे डोळ्यांना दिसते. माणसामाणसांत तसे काय दिसते? मग हा भेद देवाने केला की माणसाने? प्रश्नाचे उत्तर मिळताच त्यांनी पोथी उघडली नाही. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० साली झालेला त्यांचा बाप्तिस्मा ही या निश्चयावर उमटलेली मोहोर होती. ज्या मुलीच्या बापाच्या घरी सामानसुमानाचाही विटाळ धुतला जाई, तिच्या आयुष्यात याहून मोठी क्रांती कोणती असणार? वेदीपुढे गुडघे टेकण्यापूर्वी ती ओठाला लावलेल्या पाण्यात झाली.

या निश्चयाचे मोल कळण्यास त्याच दशकातील पुण्याकडे पाहावे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाने केवढा गहजब उडाला, हे प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषास अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि त्या प्रसंगाची घरातील बाजू रमाबाई रानडे यांनी आपल्या १९१० सालच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींची पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. दोघींनाही लिहावाचावयास नवऱ्यांनी शिकविले. दोघींनीही नवऱ्यांविषयीच लिहिले. परंतु रमाबाईंची दृष्टी खालून वर पाहणाऱ्या भक्ताची आहे, तर लक्ष्मीबाईंची बरोबरीने चालणाऱ्या, वेळी हात धरून मागे ओढणाऱ्या सहचारिणीची. हा फरक केवळ स्वभावाचा नव्हे. एकदा नवऱ्यावाचून जगून पाहिलेली आणि मग स्वतःच्या निश्चयाने त्याच्याजवळ आलेली स्त्रीच त्याच्याशी असे भांडू शकते.

आणि भांडण्यास कारणे पुष्कळ होती. घरात दाणे किती आहेत हे न पाहता माणसे घरी आणावयाची, हा टिळकांचा नित्यक्रम. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर अनाथ मुले घरात आली. प्लेगच्या दिवसांत आजारी माणसांची शुश्रूषा आली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा पोरसवदा कवी आला आणि घरचाच झाला. हा बालकवी हिंदूच राहिला, आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. १९१८ साली त्याला आगगाडीखाली मरण आले. त्याच्याविषयीची पाने वाचताना आत्याने मला दोनदा थांबविले. टिळक माणूस उंबऱ्याच्या आत आणीत. त्याला जेवू घालणे, त्याचे अंथरूण घालणे, त्याचे दुखणे काढणे हे लक्ष्मीबाईंकडे. टिळकांच्या श्रद्धेचे रूप दानाचे होते, लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे निभावण्याचे. एकाने देवाच्या नावाने शब्द द्यावा आणि दुसऱ्याने तो मिठामिरचीनिशी पुरा करावा, अशी ही विभागणी आहे. तिच्यात अन्याय आहे हे लक्ष्मीबाईंना कळत होते. त्यांचा विनोद पुष्कळदा तेथूनच उगवतो. हा विनोद निर्विष आहे असे म्हणताना तो निर्दुःखही आहे, असा आपण गैरसमज करून घेतो.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्ध पूर्वार्धाइतका बांधेसूद नाही. प्रसंगामागून प्रसंग येतात आणि काही ठिकाणी आठवण व नोंद यांतील भेद राहत नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. घरसंसाराच्या दृष्टीने ही बाप्तिस्म्याइतकीच मोठी उलथापालथ होती. पण तिच्या अंतरंगात ग्रंथ हवा तितका शिरत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंची स्वतःची प्रार्थना कशी होती, एकटेपणी त्या देवाशी काय बोलत, हेही आपल्याला फारसे कळत नाही. कदाचित ज्यांना त्यांनी मनातले सांगावे ते वाचक आपण नव्हतो. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेटाने लिहीत नेले, यावरून काय ते समजावे. नवऱ्याचा अपुरा शब्द पुरा करण्याची सवय त्यांना होतीच.

एक आक्षेप येथे येईल. लक्ष्मीबाईंचे मोठेपण हे माणुसकीचे आहे, त्यासाठी ख्रिस्ती श्रद्धेचे नाव कशाला, असे कोणी म्हणेल. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. पण हे म्हणण्यात आपली सोय आहे. माणुसकी आमच्या घरीही होती, हे मी वर सांगितले. तिने पेला हलविला नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या पालटाचे श्रेय ज्याला दिले आहे, त्याला ते न देता तो पालट तेवढा आपलासा करणे हे वाचकाचे प्रामाणिकपण नव्हे. त्यांच्या धर्माचा स्वीकार करावा असे कोणी सांगत नाही. मी स्वतः केलेला नाही. परंतु श्रद्धा म्हणजे घरात सर्वांत आधी कोणाची आणि कशाची सोय पाहिली जाते तो क्रम, अशी जी व्याख्या हा ग्रंथ न सांगता सांगतो, ती कोणत्याही धर्माच्या कुटुंबाने आपल्यास लावून पाहण्याजोगी आहे. तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या घरालाही ती चुकत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांचा ग्रंथ आज संक्षिप्त रूपातही मिळतो. पण ज्यांस सवड असेल त्यांनी तो संपूर्ण वाचावा, आणि शक्य तर घरात मोठ्याने वाचावा. तो बोललेल्या भाषेत लिहिला आहे आणि ऐकणाऱ्यांच्या संगतीतच खरा खुलतो.

आमचे वाचन आढी उतरावयाच्या सुमारास संपले. शेवटच्या दिवशी आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या बाईने नवऱ्याचा देव मागाहून घेतला रे. आधी त्याची माणसे घेतली.” एवढ्या थोड्या शब्दांत या ग्रंथाची इतकी नेमकी समीक्षा मी तरी वाचलेली नाही. त्या मास्तरांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तो पेला कोठे गेला, हे मी आत्याला विचारले नाही.