परमाणू आणि अणू : एका सोयीस्कर साम्याची चिकित्सा

‘अणूचा शोध बौद्ध आचार्यांनी पंधराशे वर्षांपूर्वीच लावला होता’ असे विधान प्रवचनांतून व पुस्तिकांतून वारंवार कानी पडते. त्यामागील हेतू चांगला असतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या ग्रंथांचा आधार दिला जातो ते उघडून पाहिले असता हे साम्य टिकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाली निकायांत परमाणुवाद नाही. तेथे रूपाचे विवेचन चार महाभूतांच्या आधारे येते. परमाणूची पद्धतशीर चर्चा पुढे वैभाषिक आचार्यांनी केली आणि ती वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’त ग्रथित झाली. या ग्रंथानुसार परमाणू एकटा आढळत नाही. शब्द व इंद्रिये वगळली तरी कामधातूतील लहानात लहान संघात आठ द्रव्यांचा असतो : पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते आणि रूप, गंध, रस, स्प्रष्टव्य. म्हणजे वास आणि चव या संघातात मूळचीच आहेत. हायड्रोजनच्या एका अणूला ना वास, ना चव. साम्य सांगणारे नेमका हाच तपशील गाळतात. शब्दांचाही घोटाळा आहेच. कोशात सात परमाणूंचा एक ‘अणू’ होतो. आपल्या शालेय पुस्तकांत मात्र अणू हा मूलद्रव्याचा घटक आणि अणूंच्या संयोगाने होतो तो रेणू.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की परमाणुवादावर सर्वांत कठोर प्रहार बौद्ध परंपरेतूनच झाला. ‘विंशतिके’त वसुबंधू विचारतात : एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू एकाच वेळी भिडले तर त्याला सहा अंश मानावे लागतील, मग तो निरवयव कसा? आणि सहाही एकाच जागी सामावले, तर त्यांचा पिंड एका परमाणूएवढाच राहील! हा युक्तिवाद आम्हांस आजही विलक्षण वाटतो. त्याचे लक्ष्य मात्र ‘निरवयव’ ही कल्पना आहे, आजचा अणू नव्हे. आजचा अणू सावयव आहे आणि त्याचे बंध इलेक्ट्रॉनांच्या विद्युत्-परस्परक्रियेने जुळतात. विटेला वीट भिडावी तसे नव्हे.

हे कळले ते तर्काने नव्हे, मोजमापाने. डाल्टनने १८०८ साली संयोगांच्या वजनी प्रमाणांवरून अणू मांडला, तोही अविभाज्यच. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखविला आणि अविभाज्यता संपली. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर व मार्सडेन यांना धातूवर सोडलेल्या अल्फा कणांपैकी सुमारे ८००० मध्ये १ कण मागे उसळलेला आढळला. त्यावरून १९११ साली रदरफोर्डने निष्कर्ष काढला की अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटले आहे. अणूचे अस्तित्वच न मानणाऱ्या ओस्टवाल्डसारख्या रसायनशास्त्रज्ञानेही ब्राउनियन गतीवरील पेरँचे प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर १९०९ मध्ये आपले मत जाहीरपणे बदलले. प्रमाणासमोर मत सोडण्याची ही वृत्ती कालामसुत्ताच्या वाचकास परकी वाटू नये. बौद्ध विचार आणि विज्ञान यांचे नाते शोधायचेच असेल, तर ते येथे शोधावे.

किरणोत्सारात क्षणिकवादाची ‘सिद्धी’ पाहणाऱ्यांचीही गफलत अशीच. वैभाषिकांच्या मते प्रत्येक रूपधर्म क्षणोक्षणी निरुद्ध होतो. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे, आणि प्रोटॉनचा क्षय तर आजवर कोणत्याही प्रयोगात आढळलेला नाही. अनित्यतेच्या उपदेशाला अशा टेकूची गरज काय?

‘विंशतिके’ची मूळ संस्कृत संहिता सिल्व्हां लेवी यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली, कोशभाष्याची संहिता पाटण्याहून १९६७ मध्ये छापली गेली. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी ‘परमाणू’ हा शब्द तसाच ठेवावा आणि त्यासाठी ‘अणू’ वापरू नये, एवढी आमची सूचना आहे.