अनुवाद-सॉफ्टवेअरची गती आणि स्थैर्य : एक चिकित्सा

प्रास्ताविक

व्यावसायिक अनुवादाच्या क्षेत्रात संगणकाचे साहाय्य ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅडॉस या कंपनीने १९९० च्या दशकात अनुवाद-स्मृतीवर आधारलेले सॉफ्टवेअर बाजारात आणले. मूळ वाक्य व त्याचा अनुवाद यांची जोडी साठवून ठेवणे आणि तत्सम वाक्य पुन्हा आले असता ती जोडी अनुवादकासमोर ठेवणे, हे या स्मृतीचे कार्य होय. त्यानंतर ओमेगाटी, मेमोक्यू यांसारखे पर्यायही पुढे आले. या काळात संगणकाची क्षमता अनेक पटींनी वाढली. तथापि सॉफ्टवेअर संथ चालते व मध्येच बंद पडते, ही अनुवादकांची तक्रार संपलेली नाही. त्यावर 'अधिक शक्तिशाली संगणक घ्यावा' असा उपाय सामान्यतः सुचविला जातो. तो कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गतीचा प्रश्न

दोन वाक्यांतील साम्य मोजण्यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये प्रामुख्याने रशियन गणितज्ञ लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'अंतर' या संकल्पनेचा वा तिच्या सुधारित रूपांचा आधार घेतला जातो. एका वाक्याचे दुसरे वाक्य होण्यासाठी किती बदल करावे लागतील, हे त्यातून कळते. प्रत्येकी ४० शब्दांच्या दोन वाक्यांची तुलना शब्दागणिक केल्यास १,६०० नोंदींचे कोष्टक भरावे लागते. स्मृतीत एक लाख वाक्ये असतील, तर हाच हिशेब १६ कोटींवर जातो. म्हणून स्मृतीची सूची तयार करून प्रथम मोजकी संभाव्य वाक्ये निवडली जातात व तुलना तेवढ्यांपुरतीच केली जाते. साहजिकच सूचीची रचना सदोष असेल, तर वेगवान प्रोसेसरचा लाभ मर्यादितच राहतो.

आधुनिक प्रोसेसरमध्ये अनेक 'कोअर' असतात. परंतु आज्ञावलीने काम वाटून दिले नाही, तर एक कोअर राबतो व इतर रिकामे राहतात. स्मरणशक्तीचेही तसेच आहे. ३२ बिटांची आज्ञावली फार तर ४ जीबी स्मृतिक्षेत्र हाताळू शकते. संगणकात ३२ जीबी रॅम असली तरी ही मर्यादा बदलत नाही. ओमेगाटी हे मुक्त सॉफ्टवेअर जावावर चालते आणि प्रकल्पातील स्मृती-फाइली रॅममध्ये घेते. जावासाठी ठरविलेली मर्यादा वाढविली नाही, तर नव्याने बसविलेली रॅम त्याच्या उपयोगी पडत नाही. यांत्रिक अनुवादाची सेवा जोडलेली असल्यास होणारा विलंब हा बहुधा इंटरनेटचा असतो, संगणकाचा नव्हे.

स्थैर्याचा प्रश्न

सॉफ्टवेअर बंद पडणे ही गैरसोय खरी. परंतु किती काम वाया गेले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न होय. ट्रॅडॉस स्टुडिओत अनुवादकाने वाक्य निश्चित करताच ते सामान्यतः स्मृतीत नोंदले जाते. चालू दस्तऐवज मात्र अखेरच्या जतनापर्यंतच सुरक्षित असतो. त्यामुळे दस्तऐवज बिघडला तरी मूळ फाइल पुन्हा उघडून निश्चित केलेली वाक्ये स्मृतीतून परत मिळविता येतात. ही वाट अनुवादकास ठाऊक असणे हे महागड्या संगणकाइतकेच मोलाचे आहे.

मराठी मजकुराचे वेगळेपण

मराठीच्या संदर्भात अस्थैर्याचे आणखी एक कारण प्रत्यक्ष मजकुरातच दडलेले आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी नोंदविला जातो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त असते. दुसरीत साधा 'र', हलन्त व झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत.

'दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली' हे वाक्य मराठीतून अन्य भाषेत नेताना स्मृतीत एका रूपात व नव्या फाइलीत दुसऱ्या रूपात असेल, तर शब्दागणिक साध्या हिशेबाने साम्य शंभरऐवजी ७५ टक्के भरते. शब्दशोधात जुना दाखला सापडत नाही. साम्याच्या टक्केवारीवर मोबदला ठरविण्याची पद्धत या व्यवसायात रूढ असल्याने हा दोष केवळ तांत्रिक राहत नाही. अनुवादक व काम देणारा यांच्यातील हिशेबच त्यामुळे चुकतो.

'घर' या शब्दाची 'घराला', 'घरासाठी' अशी रूपे होतात. ती ओळखण्याची सोय नसल्यास परिभाषा-कोशातील नोंद असूनही पुढे येत नाही. 'डॉ.', 'प्रा.' यांपुढील पूर्णविरामाशी वाक्य तुटते, हा अनुभवही नित्याचा आहे. यांपैकी कोणताही दोष नव्या संगणकाने दूर होत नाही.

निष्कर्ष

यंत्राने अनुवादकाची जागा न घेता खात्रीने करता येईल तेवढेच काम त्याच्याकडून उचलावे, असा विचार मार्टिन के यांनी १९८० मध्येच मांडला होता. या निकषावर पाहता गती व स्थैर्य ही केवळ यंत्राची लक्षणे ठरत नाहीत. आज्ञावली, स्मृतीची निगा व मजकुराची शुद्धता या तिन्हींवर ती अवलंबून आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक ठिकाणी संगणक बदलण्याची वेळ आली आहे. अशा वेळी अनुवादाचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांनी खरेदीपूर्वी प्रत्यक्ष मराठी फाइली व मोठी स्मृती घेऊन सॉफ्टवेअरची चाचणी करावी आणि विद्यार्थ्यांना मजकूर एकरूप करण्याचे शिक्षण द्यावे. अन्यथा जुनेच दोष नव्या यंत्रावर अधिक वेगाने पुढे येतील.