बी, वाफसा आणि किरण नवगिरे

(माढा इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज बोलणार आहोत क्रिकेटवर, थोडंसं हॉकीवरही. विषय ऐकून संयोजकांचा चेहरा पडला होता, ते आम्ही पाहिलं. पण प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. एखाद्यात ‘क्षमता आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय आहे असं म्हणतो? डोळ्यांना दिसतं ते झालेलं. क्षमता म्हणजे न झालेलं. मग ती पाहिली कुणी?

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. माढा लोकसभा मतदारसंघाचं नाव निवडणुकीपुरतं निघतं, पण या एका मतदारसंघात माळशिरस येतं आणि साताऱ्याकडचं फलटणही. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, भारताची हॉकीपटू. उसाच्या आणि ज्वारीच्या रानातून या मुली निघाल्या. आपण त्यांचे सत्कार केले, फ्लेक्स लावले, सगळं केलं. त्यांना तपासलं कसं, त्याबद्दल मात्र फारसं बोललो नाही.

किरणची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती मुळात मैदानी खेळांतली. भालाफेक, गोळाफेक, धावणं. २०११च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला धोनीचा षटकार पाहून क्रिकेटचं वेड लागलं, असं तिनं सांगितलेलं आहे. महाराष्ट्राच्या संघात पुरेशी जागा मिळेना, म्हणून ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडून खेळली. एप्रिल २०२२मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२. टी-ट्वेंटी सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुषांसकट.

आता इथं थांबा. आम्ही त्या वेळी काय म्हटलं असतं? ‘अरुणाचलविरुद्ध ना? मग ठीक आहे.’ खरं सांगतो, आम्ही हेच म्हटलं होतं. आणि ते अगदी चूकही नव्हतं. ईशान्येतल्या राज्यांचं क्रिकेट तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. याच नागालँडचा १९ वर्षांखालील मुलींचा संघ २०१७मध्ये केरळविरुद्ध २ धावांत बाद झाला होता. बावीस नव्हे, दोन. तशा पातळीवरचे १६२ म्हणजे किती? कोणत्या मापानं मोजायचे?

महिनाभरातच उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. २६ मे २०२२, पुण्याजवळ गहुंजेचं मैदान, महिलांची टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धा. व्हेलॉसिटी संघाकडून, ट्रेलब्लेझर्सविरुद्ध किरणनं ३४ चेंडूंत ६९ काढल्या. अर्धशतक २५ चेंडूंत. समोर गोलंदाज आंतरराष्ट्रीय दर्जाच्या. सगळीकडे एकच नाव. आणि दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली.

बघा, तीच मुलगी, तीच बॅट, तेच मैदान, मध्ये एक दिवस. कोणती किरण खरी?

निवड समितीनं पहिली धरली. इंग्लंड दौऱ्यासाठी तिची निवड झाली आणि सप्टेंबर २०२२मध्ये चेस्टर-ल-स्ट्रीटला तिचं आंतरराष्ट्रीय पदार्पण झालं. मग ऑक्टोबरात सिल्हेटचा आशिया चषक. भारतानं तो जिंकला. किरणला जे मोजके सामने मिळाले, त्यांत एकही मोठी खेळी झाली नाही. संघातून नाव गेलं. त्यानंतर लोकांनी दुसरी किरण धरली, आणि चर्चा संपली.

आमच्या टीकेचा रोख इथं आहे. निवड समितीनं तिला वगळलं, याला आमची हरकत नाही. जागा अकरा, वरच्या फळीत स्मृती मानधना आणि शफाली वर्मा. समितीला निर्णय घ्यावाच लागतो. हरकत आहे ती त्या निर्णयावरून आपण काढलेल्या निष्कर्षाला. ‘आज निवडली नाही’ हे एक विधान. ‘तिच्यात ते नव्हतंच’ हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ही उडी मारणार नाही, पण चहाच्या टपरीवर आणि वृत्तवाहिनीवर ती रोज मारली जाते.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, शेतातलंच आहे.

आपल्याकडे बौद्ध आणि नैयायिक यांच्यात काही शतकं एक भांडण चाललं. कणगीत ठेवलेलं बी आणि रानात पेरलेलं बी, यांत अंकुर काढायचं सामर्थ्य कशात आहे? बौद्ध आचार्य म्हणत, जे खरोखर अंकुर काढतं आहे, त्या क्षणीच्या बियात. समर्थ वस्तू थांबत नसते. कणगीतलं बी काही करत नाही, म्हणजे ते समर्थ नाही. क्षणाक्षणाला बी निराळं, आणि ज्या क्षणाचं बी प्रत्यक्ष करतं तेवढंच समर्थ. उदयनाचार्यांसारखे नैयायिक म्हणत, नाही. बी तेच आहे. कणगीत त्याला माती नाही, पाणी नाही, ऊब नाही. हे सहकारी जुळले की तेच बी अंकुर काढतं. न काढणं हा बियाचा दोष नव्हे, सहकाऱ्यांचा अभाव आहे.

ग्रीसमध्येही असलाच वाद होता. मेगाराचे लोक म्हणत, गवंडी बांधकाम करत असेल तेवढा वेळच त्याच्यात बांधण्याची शक्ती असते. ॲरिस्टॉटलनं विचारलं, मग दुपारी जेवायला बसलेला गवंडी जेवण झाल्यावर ती कला पुन्हा कुठून आणतो?

आता हे क्रिकेटला लावा. आपला ‘फॉर्म’ हा शब्द बौद्ध पक्षाचा आहे. मागच्या तीन डावांत केलं तेवढं तुझं, पुढचं माहीत नाही. आणि गावातला अभिमानी चाहता सांख्यांच्या बाजूचा. झाड बियात आधीपासून आहेच, फक्त उघड व्हायचं बाकी आहे, आमची किरण म्हणजे किरण! दोघांनाही तपासायची गरज उरत नाही. एकाला फक्त धावफलक पुरतो, दुसऱ्याला तोही लागत नाही. नैयायिकाचं काम मात्र अवघड. त्याला प्रत्येक वेळी विचारावं लागतं, सहकारी कोणते होते? आपला शेतकरी हे विचारतोच. बी उगवलं नाही तर तो आधी बियाणाच्या दुकानदाराला शिव्या देईल, ते सोडा. पण मग तो हात मातीत घालून बघतो. वाफसा होता का? पेरणी खोल गेली का?

किरणच्या बाबतीत हा हात मातीत घालून बघू. २०२३च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्झनं तिला घेतलं. पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध, संघाचे तीन गडी झटपट गेलेले असताना, ५३. बॅटवर प्रायोजक नव्हता, म्हणून मार्करनं ‘एमएसडी ०७’ लिहिलेलं. त्या बॅटचं फार कौतुक झालं. आम्हाला मात्र त्यात कौतुकाआधी दुसरंच दिसलं. देशाकडून खेळून आलेल्या मुलीच्या बॅटवर स्टिकर लावायला कुणी नव्हतं. हाही एक सहकारीच, नसलेला.

२०२४मध्ये मुंबईविरुद्ध तिला सलामीला पाठवलं. ३१ चेंडूंत ५७, ॲलिसा हीलीबरोबर ९४ धावांची भागी. २०२५मध्ये दिल्लीविरुद्ध २७ चेंडूंत ५१. या दोन्हींच्या मध्ये लहान धावांचे पुष्कळ डाव आहेत, ते आम्ही लपवत नाही. पण यशाचे डाव शेजारी ठेवून बघा. चेंडू नवा, क्षेत्ररक्षक आत, वेग बॅटवर येणारा. भाला फेकणाऱ्या खांद्याला हवी ती माती. चेंडू थांबून येऊ लागला, फिरकी सुरू झाली, की अडचण. हा आमचा अंदाज, आम्ही प्रशिक्षक नाही. पण ‘ती चांगली की वाईट’ या प्रश्नापेक्षा ‘कुठं चांगली’ हा प्रश्न बरा, एवढं तत्त्वज्ञानाच्या मास्तरालाही कळतं.

आणि मग १७ ऑक्टोबर २०२५, नागपूर. आता ती पुन्हा महाराष्ट्राकडून खेळत होती. पंजाबच्या ११० धावा. महाराष्ट्रानं आठ षटकांत सामना संपवला. ११३ पैकी १०६ एकट्या किरणच्या, ३५ चेंडूंत, नाबाद. शतक ३४ चेंडूंत. महिलांच्या टी-ट्वेंटीमधलं जगातलं सर्वात वेगवान, सोफी डिव्हाइनचा ३६ चेंडूंचा विक्रम मोडून. तिशी ओलांडल्यावर.

बरं, यानं काय सिद्ध झालं? ती भारतासाठी खेळायलाच हवी होती, हे नाही सिद्ध झालं. पंजाबची गोलंदाजी म्हणजे ऑस्ट्रेलियाची नव्हे. अरुणाचलविरुद्धच्या १६२ला जी शंका लावली, तीच इथंही थोडी लावायला हवी, नाहीतर आम्ही सोयीचे तर्कशास्त्री ठरू. पण २०२२मध्ये मोजक्या सामन्यांवरून तिची पुढची सगळी कारकीर्द ज्यांनी वाचून टाकली, त्यांनी काय वाचलं होतं, हा प्रश्न उरतो. तिच्याच आदर्शाचं बघा ना. धोनी डिसेंबर २००४मध्ये पहिल्या एकदिवसीय सामन्यात शून्यावर धावबाद. पहिल्या चार डावांत मिळून २२ धावा. पाचव्या सामन्यात, विशाखापट्टणमला, तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि १४८. माणूस तोच, जागा बदलली. चौथ्या डावानंतर त्याचंही नाव वगळलं असतं, तर आपण बसून म्हटलं असतं, ‘नव्हतंच हो त्याच्यात.’ आणि ते कुणाला खोडता आलं नसतं! हीच या वाक्यातली खरी भीती. ते एकदा अमलात आणलं की ते खोटं ठरवायची संधीच उरत नाही.

हे आम्हाला कसं कळलं, ते सांगायला हवं. पुस्तकातून नाही कळलं.

नोकरीत असताना एका महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर आम्ही होतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला तिथं का घेतलं, तर कागद नीट लिहितो म्हणून. मुलींच्या हॉकी संघाची चाचणी होती. खेड्यातली एक मुलगी आघाडीला खेळत होती. तासाभरात तिला एकही गोल करता आला नाही. एकदा तर मोकळा चेंडू काठीखालून गेला. शेरा आम्ही लिहिला: ‘पुढे वाव दिसत नाही.’ सुवाच्य अक्षरात. वर्षभरात तिचं शिक्षण सुटलं, लग्न झालं. शेऱ्यामुळेच झालं असं आम्ही म्हणत नाही. कारणं पुष्कळ असतात. पण शिष्यवृत्ती आणि वसतिगृह त्या संघाला जोडलेलं होतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

वीसेक वर्षांनी ती भेटली. बाजारात, हातात पिशवी. ओळख तिनं दिली. बोलता बोलता हसतच म्हणाली, “सर, तुम्ही मला किती वेळा खेळताना बघितलं होतं?” आम्ही म्हटलं, “एकदाच.” ती म्हणाली, “आणि त्या दिवशी मी दुसऱ्या मुलीचे बूट घालून आले होते. एक नंबर मोठे.” मग तिनं आमच्या गुडघ्याची चौकशी केली आणि गेली.

हॉकीतला आघाडीचा खेळाडू तर फारच फसवा. क्रिकेटमध्ये निदान प्रत्येक चेंडूची नोंद होते. आघाडीची मुलगी साठ मिनिटांच्या सामन्यात आलटून पालटून आत-बाहेर होते, आणि चेंडू तिच्या काठीवर फार थोडा वेळ असतो. उरलेला वेळ ती काय करते? समोरच्या बचावपटूवर धावून जाऊन तिला घाईनं पास द्यायला लावते. वर्तुळात चेंडू पायावर लागेल अशी वाट काढून पेनल्टी कॉर्नर मिळवते. स्वतः एका बाजूला पळून दुसरीसाठी जागा मोकळी करते. गोलाच्या पाटीवर यातलं काहीच येत नाही. आम्ही त्या चाचणीला फक्त पाटी बघत होतो.

२०२५च्या सप्टेंबरात चीनमध्ये हांगझोऊला आशिया चषक झाला. भारताला रौप्य. त्यात सिंगापूरवर १२-० असा विजय होता. अशा सामन्यातल्या गोलावरून कुणाचीही परीक्षा होत नाही, तो पुन्हा अरुणाचलचाच प्रश्न. पण कोरियाविरुद्धचा सामना बघा. ४-२. पहिला गोल आपल्या वैष्णवीचा, दुसऱ्याच मिनिटाला. शेवटचा सातारा जिल्ह्यातल्याच ऋतुजा पिसाळचा, खेळ संपता संपता. ऋतुजा आघाडीची, वरिष्ठ संघात तशी नवी. तिच्याबद्दल आता लोक आम्हाला विचारतात, “सर, ही पुढं जाईल का?” आम्ही म्हणतो, त्या गोलाआधीची अठ्ठावन्न मिनिटं तुम्ही पाहिलीत का? पाहिली असतील तर तुम्हीच सांगा. नसतील तर दोघंही गप्प बसू आणि पुढचा सामना बघू.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि मागच्या रांगेतले गुरुजी तो घेणार असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. सहकारी, सहकारी करत बसलो तर कुणालाच नाही म्हणता येणार नाही. प्रत्येक न उगवलेल्या बियाला वाफशाची सबब देता येईल. बरोबर आहे. किडकं बीही असतं. म्हणून शेतकरी काय करतो? पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो, चार-पाच दिवसांनी उघडतो आणि किती उगवले ते मोजतो. ओल दिली, ऊब दिली, वेळ दिला, आणि मग मोजलं. तरीही उगवलं नाही तर ते बी खुशाल टाका, आम्ही अडवणार नाही. किरणला तिच्या जागी, सलग आठ-दहा सामने दिले असते आणि तरी जमलं नसतं, तर वगळण्याच्या निर्णयाबरोबर तो निष्कर्षही आम्ही मान्य केला असता. एकच दाणा, तोही कोरड्या फडक्यात ठेवून, दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचा आणि पोतंच्या पोतं नापास करायचं, याला कोणताही शेतकरी उगवण पाहणं म्हणणार नाही.

त्या मुलीची थोरली लेक आता हॉकी खेळते, असं त्या दिवशी बाजारात कळलं. मैदानावर येऊन बघा म्हणाली होती. आम्ही चार वेळा जाऊन आलो. शेरा अजून लिहिलेला नाही.

आता गुरुजींचा प्रश्न घेऊ.