शिकारवाङ्मयांतील एक कोरी जागा

ठाकुर्लीच्या आमच्या घरीं माझ्या कै. मामांची एक पत्र्याची ट्रंक पुष्कळ वर्षें माळ्यावर पडून होती. रेल्वेच्या विजेच्या गाड्यांसाठीं १९२९ सालीं येथें जें वीजघर सुरू झालें, आणि जें आतां बंद होऊनहि बराच काळ लोटला आहे, त्या वीजघरांत मामा नोकरीस होते. नोकरींतून सवड मिळाली म्हणजे परवाना काढून मुरबाड-शहापुराकडच्या रानांत शिकारीस जाणें हा त्यांचा एकमेव शोक. ही गोष्ट १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांतील. ट्रंक उघडली तेव्हां तींत शिकारीचीं चार पुस्तकें, त्यांच्या हातची एक वही आणि फडक्यांत गुंडाळलेली एक सुरी निघाली. बंदूक केव्हांच सरकारजमा झाली होती.

सुरी लोहाराच्या हातची आहे. पातें चार बोटांहून थोडें लांब, पाठ जाड, टोंक किंचित् खालीं उतरलेलें, मूठ शिसवीची. घणाचे ठोके पाठीवर अजून दिसतात. डब्याच्या तुटलेल्या कमानीच्या पोलादाची ती केली असें आई सांगते. कारागिराचें नांव तिच्यावर कोठेंहि नाहीं. घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें, असली हिंसेची वस्तु घरांत ठेवूं नये. मला तसें वाटेना. पण कां वाटेना हें मामांची वही वाचीपर्यंत मलाहि नीट सांगतां आलें नसतें.

वही मोठ्या काटेकोरपणें लिहिलेली आहे. एका नोंदीचा मासला असा: वारा समोरचा, अंतर सुमारें ऐशीं पावलें, गोळी खांद्यामागें, सांबर चाळीस पावलें जाऊन पडलें. त्यापुढची ओळ: रात्रीं उशिरां घरीं, मटण सात घरीं वाटलें. सांबर पडलें आणि मटण वाटलें, या दोन ओळींच्या मध्यें काय झालें? सबंध वहींत सुरीचा एकदांहि उल्लेख नाहीं. मग तीं चार पुस्तकें पुन्हां चाळलीं. त्यांत पायांचे माग आहेत, मचाणें आहेत, बंदुकींच्या जाती आहेत, चांदण्याचीं वर्णनें तर विचारूंच नका. परंतु गोळी सुटली कीं प्रकरण संपतें. पुढच्या प्रकरणांत जनावराचें कातडें दिवाणखान्याच्या भिंतीवर असतें. शिकारवाङ्मयांतील या कोऱ्या जागेविषयीं येथें कांहीं लिहावयाचें आहे.

या जागेंत काय घडतें तें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण बहुतेक वाचकांनीं तें पाहिलेलें नसणार. हरीण पडलें कीं घाई करावी लागते. अंगांतली ऊब कोंडून राहिली तर मांस नासतें, आणि आपल्याकडील हवेंत तर फारच लवकर. म्हणून पोट तेथल्या तेथें उघडून कोथळा बाहेर काढावयाचा. येथें लांब तलवारी पातें निरुपयोगी. आंखूड, हातांत बसणारी सुरी हवी. तिची धार वर धरून, दोन बोटें आंत घालून, कातडें आंतून बाहेर कापीत जावयाचें. तसें केलें म्हणजे केंसांनीं धार बोथटत नाहीं व केंस मांसाला चिकटत नाहींत. टोंक खोल गेलें आणि आतडें किंवा मूत्राशय फुटलें, तर सगळ्या मांसाला घाण लागते. मामांच्या सुरीचें टोंक खालीं उतरलेलें आहे तें शोभेसाठीं नव्हे. तें खोल रुतूं नये म्हणून. ज्या लोहारानें तें टोंक वळविलें, त्याला हें काम ठाऊक होतें. पोलादाला किती तापवून केव्हां पाणी द्यावें, आणि मग पुन्हां मंद आंचेवर तें किती नरम करावें, हा सगळा विचार याच अर्ध्या तासासाठीं. पाणी कमी पडलें तर धार टिकत नाहीं. जास्त झालें तर हाडावर पातें मोडतें. ‘पाणीदार’ हा आपला गौरवाचा शब्द लोहाराच्या भात्यापाशीं जन्मला, हें आपण विसरून गेलों आहों.

दुसरीहि एक गोष्ट याच वेळीं घडते. गोळी ऐशीं पावलांवरून लागते. सुरीचें काम हातभर अंतरावरचें. जनावर काय चरलें होतें, म्हातारें होतें कीं भर वयांत होतें, मादी असेल तर गाभण होती कीं काय, हें सर्व सुरी धरणाराला कळतें. बंदूक धरणाराला कळेलच असें नाहीं. सांबर-चितळांच्या यकृताला पित्ताशय नसतें. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत हरणाला पित्त नसल्याची नोंद केली, ती असल्याच कोणा कापणाराच्या हातांवरून त्याच्यापर्यंत आली असली पाहिजे. सारांश, शिकारींतील ज्ञान आणि शिकारींतील जबाबदारी हीं दोन्ही ज्या ठिकाणीं एकत्र येतात, नेमकें तेंच ठिकाण शिकारकथा गाळते.

ही खोड आजकालची नाहीं. वाल्मीकींच्या अरण्यकांडांत मारीच मारला गेल्यावर राम दुसरें एक हरीण मारतो आणि त्याचें मांस घेऊन जनस्थानाकडे त्वरेनें निघतो. मारणें आणि मांस घेणें हीं दोन पदें एकाच श्लोकांत शेजारीं बसलीं आहेत; मधलें काम कोणी व कशानें केलें याचा उच्चार नाहीं. आपल्याकडे तर सीतेला त्या कांचनमृगाच्या कातड्याची कंचुकी हवी होती असें घरोघर सांगतात. पण कातडें सुरीशिवाय निघत नाहीं, हें सांगणाऱ्या आजीच्याहि मनांत येत नाहीं. ‘शाकुंतला’चा पहिला अंक हरणाच्या पाठलागानें उघडतो. तेथें आश्रममृग म्हणून बाण आवरला जातो, म्हणून सुरीचा प्रश्न नाहीं. परंतु दुसऱ्या अंकांत विदूषक कुरकुरतो तें कशाबद्दल? रानांत अवेळीं सळईवर भाजलेलें मांस खावें लागतें म्हणून! बाण आहे, सळई आहे. मधली सुरी कालिदासासारख्या सूक्ष्मदर्शी कवीनेंहि पाहिलेली नाहीं. भाषेनेंहि तोच रस्ता धरला. कित्येक मराठी घरांत ‘शिकार’ म्हणजे शिजलेलें मटणच. शब्द रानांतून उडतो तो थेट पातेल्यांत पडतो.

यावर कोणी म्हणेल, हा औचित्याचा प्रश्न आहे. रक्तामांसाचें वर्णन रसिकाला किळस आणील, म्हणून कवि तें टाळतो. हा आक्षेप वजनदार आहे, पण टिकणारा नाहीं. बीभत्स हा आपल्या शास्त्रकारांनीं मानलेल्या रसांपैकींच एक आहे. महाभारताचीं युद्धपर्वें उघडून पाहावीं. तेथें रक्ताच्या नद्या आहेत, तुटलेले हात आहेत, गिधाडें आहेत. माणसाचें फाटलेलें शरीर ज्या वाङ्मयाला चाललें, त्याला हरणाचें चालूं नये याचें कारण किळस हें असूं शकत नाहीं. कारण दुसरेंच आहे. रणांत तलवार धरणारा क्षत्रिय असतो. रानांत सुरी धरणारा कोण, हें आपल्याला ठाऊक आहे. वर्णन गाळलें गेलें तें कामाच्या घाणीमुळें नव्हे, काम करणाराच्या पायरीमुळें.

या म्हणण्याची उलट बाजूनें परीक्षा घेतां येते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका अज्ञात इंग्रज कवीनें ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हें काव्य रचलें. त्यांत गडाचा धनी शिकारीस जातो आणि पडलेल्या हरिणी तेथेंच रानांत सोलल्या जातात. हा कवि डोळे मिटीत नाहीं. चरबी किती बोटें आहे हें पाहण्यापासून कोणता भाग कसा कापावा, कुत्र्यांना काय द्यावें, डोमकावळ्याचा वांटा कोणता, येथपर्यंत सारें क्रमानें, जवळजवळ विधीसारखें सांगतो. आणि त्याच वेळीं गडावरच्या शयनगृहांत गवेनच्या शीलाची कसोटी चाललेली असते. रानांतील नेमकेपणा आणि घरांतील संयम हीं एकमेकांशेजारीं ठेवून कवि आपला अर्थ साधतो. हें त्याला कां शक्य झालें? त्या समाजांत हरीण नीट उलगडणें ही उमरावांच्या शिक्षणांतील एक विद्या होती. सुरी सरदाराच्या हातांत असतांच ती काव्यांत आली! चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्सूच्या ग्रंथांतील खाटिकाची गोष्टहि येथें आठवते. एकोणीस वर्षें वापरूनहि त्याच्या सुरीची धार नवी राहिली, कारण तो हाडांवर घाव घालीत नसे, सांध्यांमधली मोकळी जागा शोधीत असे. आणि त्याचें बोलणें ऐकून राजा म्हणतो कीं जगावें कसें तें मला कळलें.

आपल्याकडे असें उदाहरण नाहींच असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. वनपर्वांतील धर्मव्याध मिथिलेच्या बाजारांत हरणाचें आणि म्हशीचें मांस विकतो, आणि तपस्वी कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकावयास येतो. तो व्याध स्पष्ट सांगतो कीं मी स्वतः मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों. आणि तरीहि आपल्या कामाची लाज तो बाळगीत नाहीं. व्यासांनीं सुरीवाल्याला गुरूच्या आसनावर बसविलें, ही केवढी गोष्ट! दुर्दैव एवढेंच कीं पुढच्या परंपरेनें त्याचा उपदेश पाठ केला आणि त्याचें दुकान विसरून टाकलें.

आपल्या महाराष्ट्रांतच, कोल्हापूर संस्थानांत, गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत चित्त्यांकरवीं काळविटांची शिकार होत असे. असल्या शिकारींत चित्त्यानें काळवीट पाडून गळा धरला कीं त्याचा राखणदार धांवत जाई, सुरीनें काळविटाचा गळा कापी, लांकडी पळींत रक्त धरून तें चित्त्यापुढें करी, आणि चित्ता त्या रक्ताला लागला कीं शिकार सोडवून घेई. सबंध खेळांत धोक्याचा क्षण हाच, आणि तो या नोकराच्या वांट्याचा. शिकार मात्र राजाच्या नांवावर लागे.

अर्वाचीन मराठींत व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली या दोघांनीं रान मराठी वाचकाच्या घरांत आणलें. माडगूळकरांच्या बाबतींत शिकाऱ्याचा डोळा चित्रकाराच्या आणि निरीक्षकाच्या डोळ्यांत विरून गेला. ‘नागझिरा’ हें त्याचें फळ. वनाधिकारी असलेल्या चितमपल्लींनीं रानांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करून कोशांत बसविले. हा लाभ मोठा आहे. परंतु यामुळें झालें असें कीं आपलें वाङ्मय बंदुकीवरून थेट दुर्बिणीवर आलें. मध्यें सुरीपाशीं तें थांबलेंच नाहीं. आणि आतां थांबण्याची वेळहि टळत चालली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें उरलेसुरले परवानेहि संपविले. तें योग्यच झालें. संजय गांधी उद्यानांतलें चितळ आज आपण नातवंडांना दाखवूं शकतों तें या कायद्यामुळें. कोणी तो सैल करूं म्हणेल तर त्याला माझा विरोधच राहील. शिकार परत यावी असें मी म्हणत नाहीं. जें झालें त्याचा जमाखर्च पुरा लिहिला जावा, एवढेंच माझें मागणें आहे.

हल्लीं हातानें घडविलेल्या सुऱ्यांचा शोक सुशिक्षितांत वाढला आहे. पोलादावरची नक्षी, मुठीचें लांकूड यांची रसाळ वर्णनें वाचावयास मिळतात. त्यांत कारागिराला मान मिळतो ही आनंदाची गोष्ट. पण हें कौतुकहि अर्धेंच आहे. शिकारकथा सुरी वगळून मृत्यूचें वर्णन करते; हें नवें कौतुक मृत्यु वगळून सुरीचें वर्णन करतें. टोंक खालीं कां उतरलें आहे हें दोघेहि सांगत नाहींत.

आतां मामांच्या वहीकडे परत येतों. ती वाचून झाल्यावर मीं आईला विचारलें, “सांबर सोलीत कोण असे? मामा स्वतः?” आई हसली. म्हणाली, “दादाला रक्त बघवत नसे रे. त्याच्याबरोबर एक ठाकर असायचा. तोच सगळं करायचा. वाटेसुद्धां तोच घालायचा, अगदीं सारखे. सुरीसुद्धां त्यानंच उभं राहून लोहाराकडून करून घेतली होती.” मीं त्याचें नांव विचारलें. आईनें पुष्कळ आठवून पाहिलें. तो दर खेपेस आमच्या ओटीवर बसून चहा घेत असे, त्याच्या कमरेच्या आकडींत कोयता असे, तो डाव्या हातानें काम करी, इतकें तिला आठवलें. नांव आठवलें नाहीं. घरांत सगळे त्याला ‘दादाचा ठाकर’ म्हणत.

बंदुकीचा नंबर वहींत आहे. गोळ्यांची किंमत आहे. वारा कोणत्या दिशेचा होता तें आहे. मामा दुष्ट नव्हते; ते फार मायाळू होते. त्यांनीं जीं पुस्तकें वाचलीं त्यांच्यासारखेंच त्यांनीं लिहिलें, आणि त्या पुस्तकांत अशा माणसाला जागा नव्हती. वाङ्मयांतली कोरी जागा घरच्या वहींत कशी उतरते, याचें मला तरी याहून बोलकें उदाहरण ठाऊक नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं अशा वह्या आहेत, आणि विचारावयास कोणी वडीलधारें माणूस अजून आहे, त्यांनीं आजच विचारावें.

सुरी मीं टाकली नाहीं. तेल लावून वहीबरोबर ठेवली आहे, आणि वहीच्या शेवटच्या पानावर आईनें सांगितलेलें सर्व, डाव्या हातासकट, लिहून ठेवलें आहे.