माने आडनावाचे दोघे



आज आपण लोकप्रिय चित्रपट आणि ओळखीचं राजकारण या विषयावर बोलणार आहोत. विषय मोठा आहे, तेव्हा सुरुवात नेहमी कानावर येणाऱ्या एका तक्रारीपासून करू. 'सैराट' आला तेव्हा ती ऐकू आली, 'झुंड'च्या वेळी आली, मागच्या काही वर्षांत तर ती ठरलेलीच झाली आहे. तक्रार अशी : "चित्रपटात जात कशाला आणता? पूर्वी कसे निखळ करमणुकीचे चित्रपट होते!" ही तक्रार करणारे सगळेच दुष्ट नसतात, बरं का. त्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटतं की पूर्वी पडद्यावर जात नव्हती, ती अलीकडे कुणीतरी आणली. म्हणून तक्रारीची टिंगल न करता आपण ती तपासून बघू.

निखळ करमणूक म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ साली आलेला सचिन पिळगांवकरांचा हा चित्रपट आपल्यातल्या अनेकांना तोंडपाठ आहे. त्याची गोष्ट कशावर उभी आहे? खोलीवर. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी आहे आणि ती मिळत नाही. का मिळत नाही? तर ते एकटे आहेत, बायका नाहीत. मग दोघे लुगडं नेसतात आणि पुढची सगळी धमाल होते. धमाल खरीच आहे. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांचं टायमिंग आजही शिळं झालेलं नाही, आणि त्या हसण्याबद्दल आज आपल्याला कुणाची माफी मागायची नाही.

पण एक गोष्ट नोंदवू. अनोळखी तरुण पुण्यात खोली मागायला येतात, आणि त्यांच्या जातीची चौकशी ही अडचण म्हणून कथेत कुठेच उभी राहत नाही. माने आडनाव सांगितलं की पुरतं.

आता याच प्रसंगाची दुसरी गोष्ट बघा. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातल्या शीर्षककथेतही नोकरीसाठी नव्या गावी आलेल्या तरुणाला राहायला जागा हवी आहे. तोही काहीतरी लपवतो. बनवाबनवी तिथेही आहे. फक्त तो लपवतो ती जात, आणि ती उघडी पडते तेव्हा हशा पिकत नाही, त्याला मार खावा लागतो. खोली शोधण्याच्या या दोन गोष्टींत पंचवीस वर्षांचं अंतर आहे, आणि नंतरची गोष्ट अशा जगात घडते जिथे हा प्रश्न जणू कधी पडलेलाच नाही.

म्हणजे 'बनवाबनवी' हा जातीयवादी चित्रपट आहे का? तसं आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच की त्यात जात नाही असं नसून, ती विचारली जात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याला जात विचारली जात नाही त्याला ती नसल्यासारखीच वाटते. ज्याला रोज विचारली जाते त्याला असा चित्रपट बघताना हसूही येतं आणि हे जग आपलं नाही हेही कळतं.

आता दुसरे माने. 'फँड्री'तला जब्या. पूर्ण नाव जांबुवंत कचरू माने. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट, २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. घर कैकाडी समाजाचं. आडनाव तेच. 'उपरा' लिहिणारे लक्ष्मण मानेही याच समाजातले. माने हे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. धनंजय मान्यांच्या तोंडी ते काहीच सांगत नाही. जब्याच्या गावात मात्र आडनाव सांगण्याचीही गरज पडत नाही, गावाला सगळं ठाऊक असतं. डुकरं धरायची वेळ आली की निरोप नेमका त्याच घरी जातो.

मग ती डुकरामागची धावाधाव. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटून जातं. शेवटी डुक्कर बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर आंबेडकर, फुले, गाडगेबाबांची चित्रं. या दृश्यात कुणी भाषण करत नाही. 'जात आणली' असं ज्याला म्हणतात ते इथे काय आहे? एक मुलगा, त्याला आवडणारी मुलगी, आणि तिच्यादेखत करावं लागणारं काम. दिग्दर्शकाने बाहेरून काहीच आणलेलं नाही. कॅमेरा जिथे सहसा जात नव्हता तिथे नेऊन ठेवला, इतकंच.

इथे कुणी म्हणेल, अहो, पूर्वीही असे चित्रपट होतेच की! होते. बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' १९३६ चा. बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ चा. दोन्ही त्या काळात धाडसाचे होते, आणि ते श्रेय आपण काढून घ्यायचं नाही. पण त्यांत दलित मुलीला मान मिळतो तो कशाच्या बदल्यात, ते बघा. 'अछूत कन्या'तली कस्तुरी आगगाडी थांबवताना जीव देते. 'सुजाता' आईसाठी रक्त देते, तेव्हा कुठे ती आई तिला लेक म्हणून मनापासून जवळ घेते. म्हणजे आधी त्याग करून दाखवा, मग माणूस म्हणू! नायक-नायिका उच्चवर्णीय असतील तर त्यांना असा दाखला द्यावा लागत नाही. ते आळशी असोत, खोडकर असोत, खोटारडे असोत, आपण त्यांच्यावर प्रेम करतो. धनंजय माने पूर्ण चित्रपटभर खोटं बोलतात आणि आपले लाडके राहतात. साधं, चुकणारं, हसणारं माणूस असण्याची ही मुभा पडद्यावर सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. ओळखीच्या राजकारणाचं भांडण मुळात या मुभेचं आहे.

'सैराट'ने ही मुभा घेतली. २९ एप्रिल २०१६ ला तो प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. पहिला अर्धा भाग अगदी आपल्या ठरलेल्या प्रेमकथेचा : विहीर, क्रिकेट, कॉलेज, गाणी. परश्या त्यात नायक आहे, दयेचा विषय नाही. आणि जात? ती एका थपडेत आहे. पाटलांचा मुलगा वर्गात दलित प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो, आणि त्याचं काहीच बिघडत नाही. एवढ्या एका प्रसंगात गावातली सत्ता कुणाची ते समजतं. म्हणून शेवट धक्का देतो, पण खोटा वाटत नाही.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती आली, 'धडक'. करमाळ्याकडची गोष्ट उदयपूरला गेली. जातीचा एखाद-दुसरा उल्लेख राहिला, पण मुलाचं घर खाऊनपिऊन सुखी झालं आणि मुलीचा बाप मुख्यतः निवडणुकीच्या चिंतेतला पुढारी झाला. काय घडलं बघा. जात पातळ केली की हिंसा तशीच राहते, पण तिचं कारण हरवतं. मग ती एका तापट बापाची गोष्ट उरते. 'सैराट'मध्ये ती एका गावाची होती. जे म्हणतात की जात काढली तर गोष्ट 'सगळ्यांची' होते, त्यांनी हे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघावेत. जात काढल्यावर गोष्ट सगळ्यांची होत नाही, ती कुणाचीच राहत नाही.

आणि हे फक्त कलेपुरतं नाही. एप्रिल २०१४ मध्ये, 'फँड्री' येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे संबंध असल्याचा संशय होता. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयातही ज्या गोष्टीचं नाव घ्यायला माणसं पुढे येत नाहीत, तिचं नाव चित्रपटानेही घेऊ नये, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

या नावाच्या मुद्द्यावर थोडं थांबू, कारण अलीकडचं एक भांडण त्यावरच झालं. २०२५ मध्ये अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, आणि तो २५ एप्रिलला आला. सेन्सॉर मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' अशा शब्दांवर बदल सुचवले होते. हेतू कदाचित चांगलाही असेल. जातिवाचक शब्द शिवीसारखे वापरले जातात, ते ऐकून कुणाचं मन दुखू नये. ठीक आहे. पण १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख, आणि हे शब्द तिने मथळ्यातच घातले होते. तिला ते लिहायला लाज वाटली नाही, कारण तो शब्द तिचा होता आणि दुःखही तिचं होतं. शाळकरी पोरीने जे छापून आणलं, ते एकशे सत्तर वर्षांनी तिच्याच शिक्षकांवरच्या चित्रपटात अडचणीचं ठरतं. शब्द पुसल्याने कुणाचं दुःख कमी होतं? ज्याचं दुःख आहे त्याचं तर नाहीच होत.

आता थोडं आपल्याच बाजूकडे बघू. जात पडद्यावर आली की चित्रपट चांगला झाला, असं आपण मानू लागलो तर समीक्षा संपली. अमेरिकेत ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०२४ पासून प्रतिनिधित्वाचे निकष लागू झाले आहेत : पडद्यावर कोण, पडद्यामागे कोण, याची मोजदाद. मोजदाद हवीच. मोजल्याशिवाय कोण गैरहजर आहे तेच कळत नाही. पण हजेरी लागली म्हणजे बोलायला मिळालं, असं होत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. आमच्या मते अलीकडच्या मराठी चित्रपटांतला हा अतिशय महत्त्वाचा चित्रपट. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो. कॅमेरा बचावाच्या वकिलासोबत दुकानात जातो, सरकारी वकील बाईंसोबत लोकलने घरी आणि नाटकाला जातो, न्यायाधीशांसोबत सहलीलाही जातो. कांबळ्यांसोबत मात्र आपण मुख्यतः मंचावर आणि कोर्टात असतो. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः कार्यकर्ते होते, त्यामुळे त्या भूमिकेला वजन आलं. तरी प्रश्न उरतो : ज्यांच्यावर खटला आहे त्यांचा रविवार कसा जातो? दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केलं असेल, यंत्रणेला माणूस दिसत नाही हेच दाखवायला. तो युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. पण विचारायला हवं.

किंवा 'झुंड'. अमिताभ बच्चन असल्यामुळे नागपूरच्या झोपडपट्टीतली मुलं देशभर पोचली, आणि आंबेडकर जयंतीचा जल्लोष मोठ्या पडद्यावर आला. हे मोठंच काम. पण त्याच ताऱ्यामुळे मुलांची गोष्ट बराच वेळ प्रशिक्षकाच्या नजरेतून दिसते. चित्रपट सगळ्यात खरा होतो तो कागदपत्रांसाठी बापलेक कचेऱ्या पालथ्या घालतात तेव्हा. देशाकडून खेळायचं, पण आधी आपण कोण ते सिद्ध करायचं. तिथे कुणी तारा नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

मग चित्रपट बघताना काय बघायचं? आम्ही तीन साधे प्रश्न सुचवतो. या गोष्टीत कुणाला काहीच विचारलं जात नाही, आणि कुणाला सगळं विचारलं जातं? ज्याची ओळख दाखवली आहे त्याला चुकायची, हसायची, कंटाळायची मोकळीक आहे का, की तो फक्त दुःख दाखवायला बोलावला आहे? आणि ही ओळख काढली तर गोष्ट तशीच उभी राहील का? राहत असेल तर ती वरून चिकटवलेली होती, आणि तसं स्पष्ट म्हणावं, चित्रपट आपल्या बाजूचा असला तरी.

ज्यांना जुनी निखळ करमणूक हवी आहे, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. तीच आम्हालाही हवी आहे. 'बनवाबनवी'सारखा वेडा, खोटारडा, मनसोक्त हसवणारा चित्रपट हवा, आणि त्यात खोली शोधणारा माने जब्याच्या घरातला हवा. त्यालाही लुगडं नेसू द्या, गोंधळ घालू द्या. घरमालकिणीने त्याला आडनावामागचं आडनाव विचारावं आणि त्या प्रश्नाची फजिती व्हावी, त्याची नव्हे. ज्या दिवशी आपण सगळे मिळून त्यावर हसू, त्या दिवशी चित्रपटात जात कशाला आणता असं विचारायची वेळ कुणावर येणार नाही.