सेट झालं का?

पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, चरणे आणि चारणे. मधला स्वर ताणला की काम दुसऱ्याकडून करवून घेतलं जातं, हे मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही ही सोय एके काळी होती, आज तिचे चार-दोन अवशेष तेवढे उरलेत. फॉल म्हणजे पडणं, तर फेल म्हणजे झाड तोडून पाडणं (परीक्षेतला फेल वेगळा). राइज म्हणजे वर येणं, रेझ म्हणजे वर उचलणं. आणि सिट म्हणजे बसणं, तर सेट म्हणजे बसवणं. एवढासा हा शब्द. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. चारशे तीसच्या वर अर्थछटा आणि सुमारे साठ हजार शब्द, म्हणजे एका शब्दाच्या खुलाशासाठी आख्खी कादंबरी. पुढे कोशाच्या नोंदी नव्यानं लिहिल्या जाऊ लागल्या, तसा आधी मेक, मग पुट आणि २०११ मध्ये रन सेटच्या पुढे गेला. रनच्या क्रियापदाचे म्हणे ६४५ अर्थ. या शर्यतीत मला काही राम दिसत नाही. नवी नोंद जुनीपेक्षा लांब होणारच. अर्थ किती, यापेक्षा इतके अर्थ एका छताखाली नांदतात कसे, हे पाहण्यात खरी मौज आहे.

छत एकच आहे, ते 'बसवणे'चं. सिट आणि सेट ज्या आदिम धातूपासून आले, तोच संस्कृतात सद् होऊन आला. सदन, परिषद, उपनिषद, संसद ही सगळी त्याची लेकरं. सद् चं प्रयोजक रूप सादयति, म्हणजे बसवतो. सेटची घडणही नेमकी तीच. तेव्हा हॉटेलातल्या टी-सेटला संसदेचा दूरचा चुलतभाऊ म्हणायचा मोह होतो. तो आवरावा, कारण टी-सेटमधला सेट वेगळ्या घरातून आला आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

बसवणे हे क्रियापद मराठीनं किती राबवलं आहे पाहा. निखळलेला सांधा हाडवैद्य बसवतो. इंग्रज डॉक्टरही मोडलेलं हाड सेट करतो. सोनार कोंदणात खडा बसवतो. तिकडचा सोनार तो सेट करतो आणि कोंदणालाच सेटिंग म्हणतो. इथवर दोन भाषा हातात हात घालून चालतात. मग वाटा फुटतात. आपण गणपती बसवतो, घट बसवतो, नाटक बसवतो, चाप बसवतो, जम बसवतो. यातलं इंग्रज माणूस काहीही सेट करत नाही. तो सेट करतो ते जेवणाचं टेबल, गजर, सापळा, आग आणि कवितेची चाल. आणि मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येईल की ही सगळी कामं आपल्याकडे 'लावणे' करतं. ताटं लावली, गजर लावला, सापळा लावला, आग लावली, चाल लावली. म्हणजे इंग्रजीनं ज्या एका शब्दाच्या पाठीवर सारा भार टाकला, तो मराठीनं दोघांत वाटून दिला. जे जागी घट्ट रुतायचं आहे ते बसवायचं. जे पुढे काही घडवणार आहे ते लावायचं. सापळा बसवला असं कुणी म्हटलं तर तो चुकलाच असं नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जमिनीत पक्का केलेला लोखंडी सापळा येतो. सापळा लावला म्हटलं की लाचलुचपतवाले येतात.

उसाच्या शेतात तर हे नातं उघडंच पडतं. लागणीसाठी उसाचे दोन किंवा तीन डोळ्यांचे तुकडे करतात. आपण त्यांना टिपरी म्हणतो, बेणं म्हणतो. शेतीशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात त्याच तुकड्याला सेट म्हणतात. शेवटी एक ट जास्तीचा असतो इतकंच. सेट म्हणजे जमिनीत लावायचा तो. आणि आपण त्या कामाला म्हणतो लागण. आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण, सुरू लागण. कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा शब्द आणि लंडनच्या कोशकाराचा शब्द एकाच कृतीकडे बोट दाखवतात: वाकायचं, तुकडा सरीत ठेवायचा, मातीआड करायचा आणि पुढे सरकायचं.

पुढे सरकायचं, हे महत्त्वाचं. सेटच्या चारशे अर्थांच्या मुळाशी मला हीच एक हालचाल दिसते: ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. नुसतं ठेवणं म्हणजे पुट. ठेवून हात काढला तरी ते तिथंच राहील, किंवा आपलं आपण काम करत राहील, अशी खात्री झाली की तो सेट. म्हणून पुस्तक टेबलावर पुट होतं, पण गजर सेट होतो. आपण झोपी गेलो तरी तो सहाला वाजणार आहे. म्हणून दिवसाची फी, खटल्याची तारीख, विक्रम, पायंडा हे सगळं इंग्रजीत सेट होतं. ज्यानं केलं तो निघून गेला तरी ते मागे उभं राहतं.

आणि इथेच शब्दानं एक कोलांटी मारली आहे, जी मला त्याच्या सगळ्या चरित्रात सर्वांत सुरेख वाटते. बसवणं हे परक्यावर करायचं काम. कुणीतरी बसवणारा हवा. पण हात काढून घेतल्यावर जे आपोआप घडतं त्यालाही इंग्रजीनं सेटच म्हणायला सुरुवात केली. जेली सेट होते, सिमेंट सेट होतं, सूर्य सेट होतो. बसवणे पुन्हा फिरून बसणे झालं, पण साधं बसणं नव्हे. मराठीत 'बसवतो' हे रूप कर्माशिवाय उभंच राहत नाही. सूर्य बसवतो असं म्हटलं तर लगेच प्रश्न येणार, काय बसवतो? इंग्रजी सूर्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मराठीनं सेट उचलला तो मुख्यतः या दुसऱ्या अर्थासाठी, असं मला वाटतं. बसवणे होतं, लावणे होतं, तरी शब्द आत आला, कारण मधली एक जागा रिकामी होती. विरजण लावलं आणि दही लागलं, हे आपल्याकडे होतंच. पण 'सेट झालं का?' असं स्वयंपाकघरातून कुणी विचारतं तेव्हा लागणं विचारलेलं नसतं. भांडं हलवलं तरी चालेल का, हे विचारलेलं असतं. डेअरीवाले ज्याला सेट दही म्हणतात ते कपातच विरजलेलं असतं. दुधातली साखर जिवाणू आंबवतात, आंबटपणा वाढत जातो आणि एका टप्प्यावर दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणतात. पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं. तोवर कपाला धक्का लागला की जाळं विस्कटलं, पाणी सुटलं. म्हणजे सेट होण्याची पहिली अट अशी की त्या वेळात कुणी हात लावायचा नाही.

सिमेंटच्या प्रयोगशाळेत तर या शब्दाचं वजन-माप ठरलेलं आहे. एका साच्यात सिमेंटची ओली लगदी भरतात आणि वरून एक चौरस मिलिमीटर टोकाची सुई हलकेच सोडतात. उपकरण फ्रेंच अभियंता विका याच्या नावाचं. सुरुवातीला सुई लोण्यात गेल्यासारखी तळापर्यंत जाते. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा सोडायची. ज्या क्षणी ती तळापासून सुमारे पाच मिलिमीटरवर अडते, तो 'इनिशियल सेट'. मग सुई बदलतात. दुसरीच्या टोकाभोवती एक गोल कडं असतं. ती टेकवल्यावर मधल्या टोकाचा ठिपका उमटतो पण कड्याची खूण उमटत नाही, तो 'फायनल सेट'. आपल्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचा पहिला टप्पा ३० मिनिटांच्या आत येता कामा नये आणि दुसरा ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. आधी आला तर माल घमेल्यातच आवळेल, उशिरा आला तर कामं अडतील. सिमेंटनं घाई करू नये म्हणून कारखान्यातच त्यात जिप्सम दळलेलं असतं. आणि जुन्याजाणत्या गवंड्याला विचारा, तो सांगेल की सेट झालं म्हणजे ताकद आली असं नाही. ताकद यायला स्लॅबला पुढे दिवसेंदिवस पाणी मारावं लागतं; काँक्रीटचं बळ तपासतात ते अठ्ठावीस दिवसांनी. लगदीत आता सुई शिरत नाही, इतकीच बातमी 'सेट' हा शब्द देतो.

'पोरगा सेट झाला' हे वाक्य मला या कारणानं फार अचूक वाटतं. नोकरी लागली, फ्लॅट झाला, लग्न झालं. बापानं हात काढून घेतला तरी चालेल. सुखी झाला असं कुणी म्हटलेलं नसतं. 'मार्गी लागला' हा आपला जुना शब्दप्रयोग जास्त उदार आहे, त्यात अजून चालायचं बाकी आहे. सेट झालेल्याला कुठे जायचं नाही.

आता टी-सेटवाला सेट. हे नाम जुन्या फ्रेंचमधून आलं आणि त्याचं मूळ लॅटिन सेक्टा, म्हणजे पंथ, अनुयायांचा जथा. त्याच्या मुळाशी पाठोपाठ जाण्याचा धातू आहे, ज्याचा संस्कृत भाऊबंद सच्, बरोबर असणं. सचिव हा शब्द त्यातलाच: बरोबर असणारा. एक सेट संसदेच्या कुळातला, दुसरा सचिवाच्या. इंग्रजीत दोघांची रूपं एकसारखी झाली आणि मग अर्थही एकमेकांत मिसळले, इतके की कुठला कुठून आला हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. मराठीनं या नामाला 'संच' हा छान शब्द दिला आणि तो टिकला. नववीच्या गणिताचा पहिला धडा संच, परीक्षेआधीचा प्रश्नसंच, सरकारी कागदातला दूरदर्शन संच. व्यायामशाळेत मात्र 'दहाचे तीन सेट'च मारायचे असतात. तिथे संच म्हणणाऱ्याकडे ट्रेनर संशयानं पाहील. दूरदर्शन संचावरून आठवलं, सेट-टॉप बॉक्स हे नाव ज्यासाठी ठेवलं तो पाठीला फुगीर, डोक्याला सपाट टीव्ही आता भंगारात गेला. भिंतीवरच्या पातळ पडद्याच्या डोक्यावर काडेपेटीही राहणार नाही. बॉक्स खाली कुठेतरी असतो, नाव अजून वरच आहे.

टेनिसमधल्या सेटनं तर एकदा सेट व्हायलाच नकार दिला. विम्बल्डन, २०१०: इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ असा संपला. सामना तीन दिवसांत पसरून अकरा तास पाच मिनिटं चालला. ४७-४७ वर इलेक्ट्रॉनिक धावफलक गप्प झाला, कारण त्याच्या पुढचे आकडे लागतील असं तो बनवणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं. आता चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटमध्ये ६-६ झालं की टायब्रेकर असतो.

पहिल्या, बसवण्याच्या कुळात 'सेटल'ही येतो. त्याचा मूळ अर्थ आसन. अमेरिकेत सेटल झालेल्या भाच्याच्या कौतुकात तो शब्द आपण सहज वापरतो, पण सोलापुरात त्याचं नाम वेगळ्या सुरात ऐकू येतं. इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्यानं काही भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकांना तारेच्या कुंपणात आणून बसवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. त्या जागेला सेटलमेंट म्हणत. आपल्याकडच्या अशा वसाहतींत सोलापूरची मोठी होती. फिरणाऱ्याला बसवणं हे या धातूचं अगदी शब्दशः काम, आणि ते किती क्रूर असू शकतं हे दाखवायला दुसरं उदाहरण नको. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला गेला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. वस्तीच्या नावात सेटलमेंट आजही आहे.

कचेऱ्या-कोर्टांत हा शब्द उपसर्ग-प्रत्ययांसारखी शेपटं लावून फिरतो. खालच्या कोर्टाचा निकाल 'सेट असाइड' झाला म्हणजे रद्द झाला; पण पगारातून काही रक्कम सेट असाइड केली म्हणजे जपून ठेवली. शब्द तेच, 'बाजूला ठेवणं' तेच, एकदा कचऱ्याच्या बाजूला आणि एकदा तिजोरीच्या. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्याला वकील 'सेट-ऑफ' म्हणतात. तुरुंगातल्या अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो शब्द बरोबर माहीत असतो.

राहता राहिलं 'सेटिंग'. मोबाइलमधलं सेटिंग सगळ्यांच्या हातात आहे. दुसरं कुणाच्या तरी हातात असतं. त्याला साटंलोटं म्हणता येईल, संगनमत म्हणता येईल, पण साटंलोटं करायला निदान दोघं एकत्र दिसावी लागतात. सेटिंगमध्ये कुणीच दिसत नाही. कुणीतरी आधी येऊन लावून गेलेलं असतं, हात काढून घेतलेला असतो. प्राध्यापकी करू पाहणाऱ्या आपल्या मुलांना या शब्दाचे सगळे वळसे तोंडपाठ असतात. सेट नावाची राज्य पात्रता परीक्षा ती पास होतात. तिचं नाव नुसतं आद्याक्षरांचं, आपल्या शब्दाशी त्याचं नातं नाही, पण विनोदाला नातं लागत नाही. मग वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. एखाद्या दिवशी जाहिरात येते. कागदपत्रांच्या झेरॉक्स काढता काढता शेजारी उभा असलेला उमेदवार विचारतो, "नेट का सेट?"

"सेट. दोन्ही पेपर पहिल्या झटक्यात."

"मग कशाला खर्च करतोस? ही जागा सेट आहे."