बैलगाडीवरचा उपग्रह

मोकळं मैदान, बैलगाडी आणि तिच्या फळ्यांवर ठेवलेला उपग्रह. ‘ॲपल’ या भारताच्या पहिल्या प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रहाचं हे छायाचित्र बहुतेकांच्या पाहण्यात आलेलं असतं. ते पाहून कुणाची छाती फुगते: कुठून कुठे आलो! कुणी नाक मुरडतं: बैलगाडी सुटेना, आणि निघाले अंतराळात! दोघांचं वाचन मात्र एकच. दोघांनाही बैलगाडीत दिसतं ते दारिद्र्य.

पण ती गाडी तिथे आली कशी? उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. जवळपास धातू असला की रेडिओलहरी त्यावर आपटून परततात आणि मोजमाप चुकतं. ट्रक म्हणजे तर लोखंडाचा डोंगर. लाकडी गाडी नेमकी हवी तशी होती. एवढं कळलं की चित्र तेच राहतं, पण बैलगाडीची जागा बदलते. ती वाहन उरत नाही, प्रयोगाच्या मांडणीचा भाग होते. चित्रातली विसंगती विरघळते आणि मागे राहतो तो इंजिनिअरचा रोकडा हिशेब.

हाच हिशेब ‘ॲपल’च्या साऱ्या कहाणीत आहे. आर. एम. वासगम यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक शेडमध्ये हा उपग्रह घडला. त्याला भूस्थिर कक्षेत ढकलणारी मोटर भारताच्याच एसएलव्ही-३ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली. युरोपच्या एरियन रॉकेटच्या चाचणी-उड्डाणात फुकट जागा मिळाली, ती घेतली. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून तो उडाला. वर गेल्यावर दोनपैकी एक सौरपंख उघडलाच नाही. तरी उरलेल्या पंखाच्या विजेवर दोन वर्षांहून अधिक काळ दूरचित्रवाणी आणि रेडिओ प्रक्षेपणाचे प्रयोग झाले.

दारिद्र्यच पाहणारी ती नजर पुढेही भेटली. २०१४ मध्ये मंगळयानानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक व्यंगचित्र छापलं: गाय घेऊन आलेला भारतीय शेतकरी अंतराळवाल्यांच्या क्लबचं दार ठोठावतोय. टीका झाली, वृत्तपत्राने माफी मागितली. त्या व्यंगचित्रातलं जनावर केवळ हिणवण्यापुरतं आहे. छायाचित्रातला बैल कामाला जुंपलेला आहे, आणि ते काम त्या दिवशी कुठल्याही ट्रकला जमलं नसतं.